दोन फ्रेम उशिरा

भिंडूला नाक नाही.
पिकल्या रातांब्यासारखं गोल डोकं,
टिकल्यांएवढे दोन डोळे, भुवयांच्या दोन काड्या,
ओठ म्हणजे एक रेघ,
तिची जाडीसुद्धा करारात लिहिलेली.
एवढ्या भांडवलावर मला दाखवायचंय :
बाबा जहाजावरून फोन करतो,
चवथीला सुट्टी नाही म्हणतो,
आणि भिंडू म्हणते, "बरं."

अठ्ठेचाळीस फ्रेम. दोन सेकंद.

पहिल्या खेपेला मी भुवया आतून वर उचलल्या,
रेघ खाली वाकवली.
ऑर्लांदो म्हणाला, हे दुःख नाही, दुःखाचं स्टिकर आहे.
दुसऱ्या खेपेला एक थेंब घातला.
तो काही बोलला नाही, थेंब तेवढा पुसून टाकला.
तिसऱ्या, चौथ्या, सातव्या खेपेला
मी टेबलावरच्या आरशात "बरं" म्हणत बसले,
इतक्यांदा, की शब्दाचा अर्थ झिजला
आणि समोरच्या बाईचं पोट दुखत असावं असं वाटू लागलं.
मला नाक आहे, गाल आहेत,
कपाळाला स्वतःच्या तीन आठ्या आहेत,
आणि तरी.

शुक्रवार होता. म्हापशाचा बाजार.
आमच्या जिन्याखालीच सुक्या मासळीची ओळ,
वास थेट टाइमलाइनपर्यंत चढतो.
कुस्तोदियामायच्या तोंडावरून गेल्या वर्षी वारं गेलं.
तेव्हापासून उजवा गाल
कुणीतरी सांभाळायला दिलेल्या वस्तूसारखा.
तिकडचा डोळा मिटत नाही, सारखा पाझरतो,
ती रुमालाने टिपते आणि भाव सांगते.

मी पावशेर सुकट मागितली.
तिने तराजू उचलला आणि फोन वाजला.
इनास. तारवटी. कुठल्याशा थंड बंदरावरून.
तिने फोन डावीकडे धरला, हात लांब करून,
मान अशी वळवली
की पलीकडे अर्धीच माय पोचावी.
ती अर्धी हसली. छान हसली, दात दाखवून.
जेवलास का, कानटोपी घालतोस का,
"हांव बरी आसां रे पुता. म्हाका कितें जाता?"

मी तिच्या उजवीकडे उभी होते.
माझ्या वाट्याला उरलेली बाजू.
तिथे काही घडत नव्हतं,
पाणी तर रोजचंच.
पण तिकडे हसू वर चढत असताना
इकडची भुवई जागची हलली नाही,
आणि त्या न हलण्याकडे
मला बघवेना.
दुसऱ्या हातात तराजू तसाच,
माझी सुकट अधांतरी.

फोन ठेवून तिने मूठभर जास्तच टाकली.
"कितें पळयता गो? घे."

वर येऊन मी आरसा पालथा घातला.
भिंडूचा चेहरा पाऊण वळवला.
फोनच्या बाजूला आधी डोळा, मग भुवई,
मग रेघेचं टोक, सावकाश वर.
"बरं" बाविसाव्या फ्रेमला.
आपल्या बाजूची काडी
होती तिथेच ठेवली, एकही की नाही.
शेवटी दोन्ही डोळे मिटले,
आपल्याकडचा
दोन फ्रेम उशिरा.

ऑर्लांदोने प्ले केलं.
म्हणाला, उजवी भुवई करायची राहिलीय.
मी म्हटलं, "हं."
त्याने परत लावलं. परत.
खाली बाजार उठत होता,
गोणपाटं झटकल्याचे आवाज,
कुणीतरी सुट्ट्या पैशांवरून भांडत होतं.
तो खुर्ची ओढून पुढे सरकला
आणि चौथ्यांदा बघताना
त्याचं एक बोट
नकळत स्वतःच्या उजव्या भुवईवर गेलं,
तिथेच राहिलं.